वासाचा रकाना

आधीच सांगते, अशा गूढ अनुभवांच्या सदरांतलं वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. आमच्या बाळकुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी 'लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते' असं टाकलं, की मी लिफ्ट मेकॅनिकचा नंबर पाठवते. डोंबिवलीच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते. पुरावा दाखवा, मग बोलू, हा माझा खाक्या... आणि आता मीच लिहायला बसले आहे.

माझा विषय बुरशी. बाजारातल्या मशरूमच्या टोपीखाली पापुद्रे असतात, तसे काही अळंब्यांना नसतात. त्यांच्या टोपीखाली बारीक बारीक दात असतात. गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात मी आणि माझी सहकारी प्राची कुमाऊंच्या ओकच्या जंगलात गेलेलो. तिथे अशीच एक दातवाली अळंबी सापडली. डीएनए तपासला तर कुणाशीच जुळेना. नवी जात! आमच्या धंद्यात हे आयुष्यात एकदा घडलं तरी पुष्कळ. ही अळंबी ओकच्या मुळांशी बांधलेली असते, लॅबमध्ये वाढत नाही. त्यामुळे ताजेपणी रंग, चव, वास जागच्या जागी चिठ्ठीवर लिहायचा, वाळली की ते सगळं गेलं. ते काम माझ्याकडे होतं, प्राची फोटो काढत होती.

शोधनिबंध, म्हणजे आमच्या भाषेत पेपर, जर्नलला पाठवला. परीक्षकाचं उत्तर आलं : जवळच्या जातीपासून हिला वेगळं ठरवायला वास महत्त्वाचा आहे, तुम्ही तर 'वास नाही' लिहिलंय, खात्री आहे का?

मी चिठ्ठी काढून बघितली. माझंच अक्षर. आणि मग धस्सकन आठवलं, त्या दिवशी मला भयंकर सर्दी झालेली. नाक चोंदलेलं! सवयीने हुंगलं, काही आलं नाही, सवयीनेच 'नाही' लिहून मोकळी झाले. वीस वर्षं मुलांना 'निरीक्षण' शिकवणारी बाई. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की दोन दिवस प्राचीला सांगितलं नाही. वर दुसरी एक टीम याच अळंबीच्या मागे होती. जो आधी छापेल, त्याने दिलेलं नाव राहतं.

त्या रविवारी वाळवलेल्या नमुन्यांची पाकिटं घेऊन मी बाबांकडे डोंबिवलीला गेले. त्यांच्याकडे उजेड चांगला येतो, चित्रं काढायला बरं पडतं. बाबा सुगंधी द्रव्यांच्या एका कंपनीत होते. अत्तराचा थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन त्यात काय काय आहे ते सांगायचं, हीच नोकरी. आई म्हणायची, यांचं नाक पगार घेतं. कोविडमध्ये ते नाक गेलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाबा रोज सकाळी चार बाटल्या हुंगतात : लवंग, लिंबू, कापूर, कॉफी. रोज वहीत लिहितात, 'नाही'. कधी तक्रार नाही. पण आमटी खाताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

सकाळचे अकरा वाजलेले. मी टेबलावर पाकिटं मांडली. कॉलेजच्या कपाटात डांबरगोळ्या असतात, त्यामुळे पाकिटांना फक्त त्यांचाच दर्प. बाबांनी सवयीने एक उचललं, नाकाशी नेलं आणि तसेच थांबले.

"मनू, हे काय आहे गं?"

"वाळकी बुरशी. का?"

"वास येतोय."

"डांबरगोळ्यांचा?" माझा आवाज चढलाच. नाक परत आलं की काय!

"छे, डांबरगोळ्या कुठल्या... आधी ओल्या खडूचा येतोय. मागून हिरवी बडीशेप." डोळे मिटलेले, बोट वर. नोकरीतली सवय. "थांब, आणखी एक आहे. उशिरा येणारा. रॉकेल. किंचित." त्यांनी कागद मागितला आणि तीन ओळी लिहिल्या. मग तडक स्वयंपाकघरात जाऊन हिंगाचा डबा उघडला. काही नाही. कॉफी, काही नाही. पुन्हा पाकीट, तर येतोय!

आता मी मी आहे. पाच सारखी पाकिटं घेतली, चारांत वेगळ्या अळंब्या, आतल्या खोलीत न बघता पिसली. कोणतं कुठलं ते मलाही ठाऊक नव्हतं. बाबांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. त्यांनी एक काढून दिलं. उघडलं, तेच. परत पिसली, तेच. तिसऱ्यांदाही तेच! चौथ्यांदा म्हणाले, "गेला गं." अर्ध्या तासात सगळं संपलं.

नाक गेलेल्यांना नसलेले वास येतात, हे मला माहीत आहे. पण नसलेला वास पाचांतून एक पाकीट कसं ओळखेल?

दुसऱ्या दिवशी प्राचीला सगळं कबूल केलं. फक्त वास कसला ते सांगितलं नाही.

"अगं मग लिहून टाक ना त्या रकान्यात," ती म्हणाली. "तुझीच चिठ्ठी, तुझंच अक्षर. कोणाला कळणारे?"

खोटं कशाला बोलू, पेन हातात घेतलेलं. पण तो वास मला आलेला नव्हता. आणि ज्यांना आला, त्यांना तर वासच येत नाही! हे मी परीक्षकाला कुठल्या तोंडाने सांगणार? ताजी अळंबी पुन्हा सप्टेंबरातच मिळणार, म्हणून तोवर पेपर मागे घेतला. दुसऱ्या टीमने आधी छापलं असतं तर सगळंच गेलं असतं. ते सात-आठ महिने मी कसे काढले, मलाच माहीत.

सप्टेंबरात पुन्हा कुमाऊंचा तोच उतार. दोन दिवस एकही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी एका जुन्या ओकच्या बुंध्याशी चार सापडल्या. माझं नाक ठणठणीत होतं, तरी मी आधी प्राचीपुढे धरली. "तू हुंग. मोठ्याने बोलू नकोस. लिही."

तिने लिहिलं : ओला खडू. खाली : बडीशेप. चिठ्ठी माझ्याकडे द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा हुंगलं. "ए, आता रॉकेलसारखं काहीतरी यायला लागलंय." मी पर्समधून बाबांचा कागद काढून तिच्या हातात दिला. तिने दोन्ही कागद शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून बघितली.

रीतसर नोंद केली, पेपर छापून आला, जात आमच्या नावावर लागली. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. त्यातली एक अळंबी शेवाळात गुंडाळून, डब्यात घालून मी थेट डोंबिवलीला आणली होती. वाळकीचा आला, तर ताजीचा येईलच, असं मी धरून चालले होते. बाबा नवा शर्ट घालून बसलेले. डबा उघडला. त्यांनी खूप वेळ हुंगलं.

"नाही गं," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. पेपरच्या आभारात त्यांचं नाव घालायचं ठरवलं होतं, तर म्हणाले, "नको. आत्ता मला येत नाहीये. न येणाऱ्या वासावर मी कधी सही केली नाही." मग अळंबी माझ्या हातात दिली. "तू घे वास. आणि मला सांग."

मी हुंगत सांगत गेले. खडू. बडीशेप. बाबा डोळे मिटून मान डोलवत होते. बस, इतकंच, म्हणून मी डबा मिटायला घेतला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"घाई करू नकोस. तो उशिरा येतो."

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आणि मला आला.

बाबा वहीत अजून रोज 'नाही'च लिहितात. त्या रविवारी ते अर्ध्या तासापुरतं काय झालं, त्याचा माझ्याकडे खुलासा नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मला खरंच ऐकायचा आहे.