आठ व्हॉल्व्ह अन् चार संशयी म्हातारे

इंजिन खोलून परत जोडलं की दोन-चार नट उरतातच. गाडी चालती, पण नट खिशात राहत्यात. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. आकुर्डीच्या सोसायटीत आमी चार रिटायर्ड कामगार अन् एक जुनी लाल स्पोर्ट गाडी, एवढ्यावर खिसे फुटायला आलेत राव!

एक आधीच सांगतो. नोकरीत मी लई खोड्या केल्या. कुणाच्या बुटात ग्रीस, कुणाच्या डब्यात वॉशर. त्यामुळं आता पार्किंगमध्ये कबुतर जरी घाण करून गेलं तरी लोक "तात्याच असणार" म्हणून माझ्याकडंच बघत्यात!

*

गाडी कांबळे भाऊंची. दोन सीटची, उघड्या टपाची, पन्नासेक वर्षांपूर्वीची विलायती. कुठल्याशा बंगल्यामागं गवतात सडत व्हती, तिथनं उचलून आणलेली. भाऊंचा बाप साहेब लोकांच्या गाड्या धुवायचा. भाऊ म्हणायचे, "बापानं धुतल्या, मी चालवणार!" बारा वर्षं घरीच एकेक पार्ट जोडत बसले.

एकच दुखणं राहिलं. आठ व्हॉल्व्हच्या फटी. फट जास्त झाली की इंजिन टकटक करतंय, कमी झाली की आचके देऊन बंद पडतंय. केसाएवढ्या फरकाचं काम.

अन् तेवढ्यात सेक्रेटरी पाठक सरांनी बोर्डावर नोटीस चिकटवली. रविवारी सकाळी दहाला ही गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत आली न्हाई, तर बेवारस धरून भंगारात!

पाठक सर म्हंजे आरशात स्वतःला बघून आयकार्ड मागतील असला माणूस. मी म्हणलं, "सर, थोडं थांबा की. नुसती फट सेट करायचीय."

सर म्हणले, "मला गाडीतलं काही कळत नाही. मला पार्किंगच्या जागेतलं कळतं!"

*

फट मोजायला फीलर गेज लागतंय. चाकूसारखं उघडायचं, आत पातळ-जाड पाती. सोसायटीत ते एकट्या बिराजदारांकडं. हे लातूरकडचे, चाकणच्या कंपनीत जन्मभर स्टोअर सांभाळलं. रिटायर झाले, पण कपाटाला अजून काउंटर असल्यागत वागत्यात. "सही करा. तेरा पाती दिली, तेरा परत पायजेत."

मी केली सही. परत देताना बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून एक पातं आत सारलं.

बिराजदारांनी मोजलं. चौदा. चष्मा पुसून मोजलं. चौदा! माणूस घामानं भिजला.

"एक जास्त आलंय हो!"

"मंग चांगलंय की!"

"कशाचं चांगलं! कमी आलं तर चोर सापडतो. जास्त आलं तर स्टोअरकीपर सापडतो!"

दोन दिवस गेज कुणाला मिळालं न्हाई.

*

आमच्यातले चौथे सुर्वे साहेब. कंपनीत क्वालिटीत, माल तपासायला व्हते. दुसऱ्याचं काम पास करणं म्हंजे त्यांना पाप वाटायचं.

आता फिटर लोकांची एक रीत हाय. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला असला की पहिल्याची फट बघायची, सातवा दाबला की दुसऱ्याची. दोन्हींची बेरीज कायम नऊ. मी सांगितलं, तर साहेब बोटं मोजायला लागले.

"आठ आणि एक?"

"नऊ."

"पुन्हा बोला."

"नऊच हो साहेब!"

साहेबांनी माझ्याकडं तिरकं बघितलं. "काल पण नऊच होते ना?"

*

प्रत्येक व्हॉल्व्हला इंजिन थोडं थोडं फिरवावं लागतंय. म्हणून आमी टॉप गियर टाकून गाडीच ढकलायचो. चार बोटं पुढं, थांबा, बॉनेटमध्ये चार टकली, परत चार बोटं पुढं.

हे दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी गॅलरीतनं बघितलं. हिंजवडीला जाणाऱ्या, त्यादिवशी घरून काम व्हतं. अर्धा तास बघितल्यावर वॉचमनला घेऊनच खाली आल्या.

"काका, खरं सांगा. तुम्ही ही गाडी चोरताय का?"

कांबळे भाऊ घाम पुसत म्हणले, "मॅडम, ह्या स्पीडनं चोरली तर गेटपर्यंत दिवाळी येईल!"

*

खरी गंमत पुढं. संध्याकाळी आठही फटी चोख लावायच्या, पातं हलकं ओढत सरकायचं. दुसऱ्या दिवशी बघावं तर दोन ढिल्या, एक आवळलेली! तीन दिवस हेच.

तिघं माझ्याकडं बघायला लागले. मी आईची शपथ घेतली.

सुर्वे म्हणले, "गेल्या वेळी पण आईचीच घेतली होती."

आता मला माझी अब्रू वाचवायची व्हती. दुपारी दोनला, सगळी सोसायटी झोपल्यावर, मी गाडीवरच्या कव्हरखाली शिरून सीटवर बसलो. कव्हरला भोक व्हतंच.

आधी आले सुर्वे साहेब. स्वतःचा पाना घेऊन! "बिराजदारचा हात जड आहे," असं पुटपुटत एक नट फिरवून गेले. मंग आले बिराजदार. "सुर्व्याला काय कळतंय?" म्हणत त्यांनी दुसरा फिरवला. म्हंजे बघा, एकमेकांवर भरवसा न्हाई म्हणून दोघं चोरून दुरुस्ती करत्यात, अन् नाव माझं!

मी आत खूश. आता भाऊंना सगळं सांगायचं. एवढ्यात भाऊच आले. त्यांच्या पण हातात पाना! पण त्यांनी पुढनं न्हाई, कव्हर सीटकडनं उचललं.

मी आत बसलेलो. घामाघूम. मांडीवर स्क्रू-ड्रायव्हर.

भाऊ जोरात ओरडले, "सापडला रे सापडला!"

सुर्वे अन् बिराजदार पळत आले. दोघांनी एकदम मान हलवली. "आमाला माहितीच होतं!"

*

आता शनिवार. शेवटचा दिवस. मी तिघांना समोर बसवलं अन् म्हणलं, "माझ्यावर डाउट हाय ना? मंग ऐका. प्रत्येकानं दोन व्हॉल्व्ह लावायचे, बाकी तिघांनी डोळे न मिटता बघायचं." तसंच केलं. व्हॉल्व्हवरचं झाकण बसवलं, गाडी सुरू केली.

टकटक टकटक. दोन मिनिटं चालली, आचका दिला अन् बंद. चार वेळा तेच.

भाऊंनी फडकं घेतलं अन् बॉनेट पुसत बसले. भाऊंच्या घरच्या, आमच्या वहिनी, खाली आल्या, फडकं भाऊंच्या हातातनं काढून घेतलं. "असू द्या. उद्या फोटो काढून ठेवू, मग जाऊ द्या."

मला ऐकवंना. पण संशय काय सुटंना. घरी फिटिंग तपासायचा निळा रंग व्हता. आमी त्याला ब्लू म्हणतो. बोटाला लागला की साबणानं घासा, रॉकेलनं घासा, दोन दिवस जात न्हाई. तो मी रात्री काडीनं गुपचूप झाकणाच्या खालच्या कडेला लावला. झाकण उचललं की बोट निळं!

रविवारी पावणेदहाला बघितलं. कडेचा ब्लू पुसलेला. कुणीतरी आत हात घातला व्हता!

मी आधी सुर्व्यांशी हात मिळवला. स्वच्छ. बिराजदारांना तंबाखू मागितली. स्वच्छ. भाऊंना चावी द्यायला लावली, वहिनींकडनं पाण्याचा तांब्या घेतला. सगळ्यांचे हात धुतल्यागत!

दहा वाजले. पाठक सर रजिस्टर बगलेत मारून, एक हात खिशात घालून गेटवर उभे. भाऊंनी वहिनींना शेजारी बसवलं, डोळे मिटले अन् चावी फिरवली.

पहिल्या झटक्यात सुरू! टकटक न्हाई, आचका न्हाई. नुसतं गुरगुरतंय, मांजर मांडीवर घेतल्यागत. गाडी गेटबाहेर गेली, स्टेशनपर्यंत जाऊन वळसा मारून आली. वहिनींचा पदर वाऱ्यावर. अख्खी सोसायटी गॅलरीत. भाऊ उतरले अन् परत फडकं घेऊन बॉनेट पुसायला लागले.

सुर्वे मला म्हणले, "काय केलंस तू?"

म्हणलं, "आईशप्पथ, काय न्हाई!"

कुणाला पटलं न्हाई.

पाठक सरांनी रजिस्टर उघडलं. 'वाहन चालू स्थितीत' असं लिहायला त्यांना खिशातला हात बाहेर काढावा लागला.

अंगठा निळा.

मी बघितलं. मी बघितलं हे सरांनी बघितलं. त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं अन् हात परत खिशात घातला.

"तात्या," म्हणले, "गाडी पट्ट्याच्या आत लावायला सांगा. चार बोटं बाहेर येतेय."