दोन हातांचा ऑपेरा

माझे वडील भूमच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. ते निवृत्त झाले तेव्हा मी पुण्यात पियानो शिकवत होते. निरोप समारंभाआधी त्यांचा फोन आला. "हार-नारळ सगळेच देतील. तू येऊन वाजव."

"काय वाजवू? भजन?"

"ते आम्हालाही येतं. तू सध्या घोटतीयस ते वाजव."

तेव्हा मी एका ऑपेरातलं संगीत पियानोवर बसवत होते. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. त्यातले गाणारे, कोरस, सगळा वाद्यमेळ एकट्या पियानोवर आणायचा. मनगटं भरून येतात. वडिलांनी फोनवरच सगळी गोष्ट विचारून घेतली.

भावाच्या पिकअपमधून माझा इलेक्ट्रिक पियानो शाळेत आला. पत्र्याच्या शेडखाली सतरंज्यांवर गाव बसलं होतं. वडील माइक घेऊन उभे राहिले. "फौजेतल्या शिपायावर जीव जडला म्हणून पोरगी घर सोडून निघालीय. बाप जाड आवाजात अडवतोय, ती रडत गातीय. भोवती वाद्यं. ऐका."

मी वाजवलं. तो भाग संपताच जवळच्या ईट गावाहून आलेले एक वयस्क शेतकरी उठले.

"गुरुजी, राग मानू नका. हात दोनच दिसत्यात, आवाज तीन येत्यात. लग्नातल्या आर्केस्ट्रावानी मागं रेकॉर्डिंग लावलंय व्हय?"

लोक हसले. वडिलांचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "काका, वर या. माझ्याशेजारी उभे राहा."

ते आले. मी पियानोची मागची बाजू दाखवली, मग तेच सावकाश वाजवलं. डाव्या हाताच्या शेवटच्या बोटांत बाप. मधे मुलीचं गाणं, दोन्ही अंगठ्यांनी वाटून घेतलेलं. उरलेली बोटं वरखाली धावतात, ती वाद्यं. मग पुन्हा पूर्ण वेगात. काका वाकून माझे अंगठेच बघत होते. संपल्यावर त्यांनी वडिलांकडून माइक मागून घेतला.

"मंडळी, रेकॉर्डिंग न्हाय. म्या डोळ्यानं बघितलं. पोरगीच वाजवतीय. लई अवघड हाय!"

टाळ्या पडल्या. वडिलांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. इतकी वर्षं मी घासलेले ते अंगठे मला त्या क्षणी फार आवडले.

शेवटचा भाग राहिला होता. पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरीचं पुढं काय झालं ते सांगा की आधी."

मूळ गोष्टीत ती मुलगी परक्या मुलखात मरते. तसं मी वडिलांना सांगितलं होतं.

"काय व्हायचंय?" वडील म्हणाले. "बाप स्वतः गेला आणि दोघांनाही घरी घेऊन आला."

माझ्याकडे न बघता त्यांनी हातानंच खूण केली. मी शेवटचा भाग वाजवायला घेतला, होता नव्हता तेवढा जोर लावून.