करंगळीची चिठ्ठी

मुलगा एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात स्लीपर घालून कामावर निघाला, ते पाहून दुसऱ्या एखाद्या आईचे डोळे भरून आले असते. मला राग आला. मला आधी रागच येतो. बाकीचं सगळं मागाहून, सवडीनं.

उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून चकचकीत झाला होता. पंख्याचा वारा लागला तरी तो कळवळत होता. आणि असल्या पायानं तो वाळूजला कंपनीत पाळीवर निघाला होता. विचारलं तर म्हणाला, "लचकलाय."

लचकलेला अंगठा आणि हा अंगठा यातला फरक मला कुणी शिकवायला नको. तीस वर्षांपूर्वी याच्या बापाचा अंगठा असाच सुजला होता. आणि तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! स्वतःला फार शहाणी समजणारी बाई.

सुजलेला अंगठा बघून मला आधी वाटलं, नवरा चोरून पितोय. तो झोपल्यावर त्याच्या तोंडाशी नाक नेऊन मी वास घेतला. लाल दंतमंजनाचा आला. तरी चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पुढं रक्त तपासलं, युरिक अॅसिड वाढलंय असं निघालं, आणि गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, डाळ बंद करा. झालं. मी डाळीच्या मागं हात धुऊन लागले.

आता गंमत अशी, की मी अंगणवाडीची सेविका होते. माझ्या भिंतीवर डाळीच्या वाटीचं हे एवढं चित्र होतं. सकाळभर मी बायांना बजावायची, लेकराला डाळीचं नुसतं पाणी पाजू नका, डाळ द्या. आणि दुपारी घरी येऊन नवऱ्याच्या ताटातली वरणाची वाटी उचलून घ्यायची. वरण-भातावर वाढलेला माणूस कोरडा भात गिळायचा. कंपनीतल्या भट्टीवरून आलाय, उष्णता उतरावी म्हणून मी त्याला मोठ्या बाटलीतलं नारिंगी, साखरेचं थंड पेय ओतून द्यायची, चांगले दोन-दोन ग्लास. दुखायला लागलं की मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायची, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. नारिंगी पाण्यातली साखर युरिक अॅसिड वाढवते आणि त्या गोळ्या मूत्रपिंडाला खातात, हे मला कळलं तेव्हा तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसत होता.

त्या खुर्चीतच एक दिवस हसत हसत त्यानं कबूल केलं. मी रोज भरून द्यायची ती पाण्याची बाटली तो कंपनीत उघडायचाच नाही. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि लाइन सोडायची तर आपल्या जागी दुसरा माणूस उभा राहायला लागतो. त्याला रिलीव्हर म्हणतात. तो मागायचा म्हणजे सुपरवायझरचं तोंड बघा. त्यापेक्षा न पिलेलं बरं. आणि बाटली भरलेली आणली तर मी डोकं खाणार. म्हणून बसमधून उतरलं की थांब्यावरच्या कडुनिंबाला पाणी घालून तो घरी यायचा.

"ते झाड बघ कसं फोफावलंय," तो म्हणाला. मी पण हसले होते. मला आता त्या हसण्याचासुद्धा राग येतो. तो जाऊन सहा वर्षं झाली.

तर, त्या दिवशी मुलगा पाळीवरून लंगडत आला आणि जेवायला बसला. ताटात भात, बटाट्याची भाजी. शेजारी ग्लासात फसफसणारा जिरा सोडा. मी सुनेला विचारलं, वरण कुठं गेलं?

"आई, त्यांचं युरिक अॅसिड वाढलंय. मोबाईलवर आलंय, डाळ बंद करायची म्हणून."

मला थोबाडीत मारावीशी वाटली. तिच्या नव्हे, माझ्याच. पण स्वतःला मारायला गेलं की हात नीट वळत नाही. मी सोडा मोरीत ओतला, उठले आणि खुंटीवरच्या त्याच्या शर्टाचे खिसे तपासले. गोळ्यांचं पाकीट निघालं. दहातल्या सात संपलेल्या. म्हणजे रक्त तपासून बसला होता, आकडा कळला होता, गोळ्या खात होता आणि मला सांगत होता, लचकलाय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकायला लावून मी त्याला दवाखान्यात नेलं. बाकावर आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. तहसिलीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अंडंसुद्धा ज्यांच्या दारातून कधी आत गेलं नाही असे. गेली दोन वर्षं आम्ही त्यांचा संधिवात ऐकत होतो. माझ्या मुलाचा अंगठा पाहून ते हळूच म्हणाले, "ताई, माझंही हेच आहे. मुलापेक्षा आकडा जास्तच असेल. घरात बोललो नाही. लोक म्हणायचे, म्हातारा बाहेर काय खातो-पितो देव जाणे." त्यांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी होती, तिनंही युरिक अॅसिड वाढतं, आणि जेवणानंतर रोज गोड. आमचे मालक गेले तेव्हा हेच गृहस्थ मला म्हणाले होते, खाण्यावर ताबा हवा. मी ते विसरले नव्हते, पण त्यांच्या अंगठ्याकडं पाहून गप्प बसले.

आत डॉक्टरांनी कागदावरचं आडनाव वाचलं, माझ्या मुलाकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "आजी, तुमच्याकडं मटण, पिणं जरा जास्तच असतं. ते कमी करायला सांगा."

"तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं?"

मग मीच सांगितलं. आमच्याकडं रविवारी अर्धा किलो आणतात, ते सहा जणांत जातं. माझ्या मुलानं दारू तोंडाला लावलेली नाही. आणि बाहेर बाकावर एक गृहस्थ बसलेत, ते चातुर्मासात कांदासुद्धा खात नाहीत, त्यांचा आकडा याच्या वर आहे. त्यांना आडनाव वाचून काही विचारलंत का? पडद्याच्या पलीकडून कुणीतरी खोकलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग जे आधी विचारायचं ते विचारलं. बापाला काय होतं, गोळ्या किती खातोस, थंड पेयं पितोस का, पाणी किती पितोस.

पाण्यावर मुलगा अडकला. मग खाली बघत म्हणाला, "रिलीव्हर मिळत नाही, सर. मागितलं की सुपरवायझर म्हणतो, आत्ताच गेला होतास ना. म्हणून पीतच नाही."

आत्ताच गेला होतास ना. हे वाक्य माझं होतं. अंगणवाडीत लेकरं करंगळी वर करायची आणि मी, शिस्तीची मोठी पुतळी, म्हणायची, आत्ताच गेला होतास ना, बस खाली. एका पोरीनं चटई भिजवली तर ती मी तिलाच उचलायला लावली होती. हा किस्सा मी कितीतरी वर्षं हळदी-कुंकवात नाही पण आमच्या महिला मंडळात मोठ्या चवीनं सांगत आले. चार वर्षांची होती ती. खोडसाळ कुठली, मी.

रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचा आकडा काठावर होता. डॉक्टर म्हणाले, अजून हातात आहे, पण बापासारखी वाट बघू नका. डाळ खा. साखरेचं थंड बंद, मनानं घेतलेल्या गोळ्या बंद, सूज उतरली की रोजची एक गोळी लिहून देतो, आणि पाणी भरपूर.

मी म्हटलं, एक चिठ्ठी पण द्या. याला पाणी प्यायची आणि लागेल तेव्हा लघवीला जायची गरज आहे, असं शिक्क्यासकट लिहून.

मुलगा लाजेनं लाल झाला. "आई, चाळिशीचा माणूस मुतायची चिठ्ठी घेऊन जाऊ? पोरं हसतील. आणि कॉन्ट्रॅक्ट पुढं देतील का नाही?"

"तुझ्या बापानं नेली नव्हती."

त्यानं चिठ्ठी खिशात घातली.

त्यानंतर बाटली रोज रिकामी यायला लागली. सूनबाई खूश. मी नाही. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते विचारायची सोय नाही, बाटली भरायची तर जारमधून. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन मी थांब्यावर गेले. कडुनिंबाच्या बुंध्याशी बोट खुपसलं. माती ओली. दुसऱ्या दिवशीही ओली. तिसऱ्या दिवशी जेवताना मी एवढंच म्हटलं, "त्या कडुनिंबाला पाणी फार होतंय. मुळं कुजतील."

त्याचा घास तोंडाशीच थांबला. चिठ्ठी पाकिटातच होती, घडीसुद्धा मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती दिली. सुपरवायझरनं सगळ्या लाइनीला मोठ्यानं वाचून दाखवली. लोक हसले. मग चहाच्या वेळी दोघं एकेक करून याच्याजवळ आले आणि त्यांनी दवाखान्याचा पत्ता विचारला. त्यातल्या एकाचा बूट पुढून कापलेला होता, अंगठ्याला जागा व्हावी म्हणून. आणि त्यांना इतके दिवस कोण काय म्हणत असेल? पिणं कमी करा. मटण कमी करा. डाळ बंद करा. पाणी प्यायला सोडा, असं कुणी त्या कंपनीला म्हणालं नाही.

मी अजूनही संध्याकाळी थांब्यावर जाते. माझा विश्वास बसत नाही, आणि बसायचं काही कारणही नाही. काल माती कोरडी होती, टणक, बोट आत जाईना. मी तशीच उकिडवी बसलेली असताना बस आली. मुलगा दारात उभा होता, दोन्ही पायांत बूट. भरल्या बसच्या देखत त्यानं मला करंगळी वर करून दाखवली आणि मग दुसऱ्या हाताची तीन बोटं.

"तीनच?" मी खालूनच ओरडले. "आठ तासांत?"