इंजनची लस

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. ती जाईपर्यंत नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना लाज वाटायच्या आधी मला संताप येतोय. लोक माझ्याबद्दल चांगलं बोलतात, त्याचा संताप. ‘मुक्या जनावरांचा देवमाणूस’ म्हणे! पंचवीस वर्षं मी गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो, म्हणून देवमाणूस? कुणी एकानं तरी विचारलं का, की बाबा, तू कधी कुणाचं वाईट केलंस का?

केलं. दौंडला केलं.

तेव्हा मला तिथं नेमणूक होऊन दोन वर्षं झाली होती. घर माझं शिरूरकडं, तळेगाव ढमढेऱ्याला, आई आजारी, आणि माझा जीव सगळा शिरूरच्या बदलीत अडकलेला. आमच्या डॉक्टरांकडं शिरूर आणि दौंड दोन्हींचा चार्ज होता. ते आठवड्यातून दोन दिवस एसटीनं दौंडला यायचे. बाकीचे दिवस दवाखाना माझा — किल्ली माझी, कपाट माझं, शब्दही माझाच.

स्टेशनच्या पलीकडं रसूलमामा राहायचे. रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे; नुकतेच निवृत्त झालेले. घरात ते आणि मुलगी शमीम. आणि एक तांबडा गावठी कुत्रा. यार्डात सापडलेलं पिल्लू, धापा टाकायचं, म्हणून नाव ठेवलं इंजन. हा इंजन वाळायला लागला. बादलीभर पाणी प्यायचा आणि जिथं मुतायचा तिथं मुंग्यांची रांग लागायची. मामांनी ते लगेच ओळखलं, कारण त्यांना स्वतःलाच साखर होती. डॉक्टरांनी कुत्र्याचं मूत्र नळीत उकळून पाहिलं, तर निळं औषध विटेच्या रंगाचं झालं. कुत्र्याला मधुमेह! लोक हसले. मामा हसले नाहीत. त्यांचं इन्सुलिन पुण्याहून यायचं. ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ते माठाखाली वाळूत ठेवायचे. डॉक्टरांनी शिकवल्यावर रोज सकाळी आधी कुत्र्याला टोचायचे, मग सुई बदलून स्वतःला. तीन महिन्यांत इंजनच्या बरगड्या झाकल्या गेल्या.

त्याच उन्हाळ्यात गावात पिसाळलेली कुत्री फिरायला लागली. पुण्याहून लस मागवली. बर्फाच्या डब्यात, भुशात घालून सहा डोस आले. डॉक्टर शिरूरला निघताना मला म्हणाले, “इंजनला अगोदर टोच. त्याची साखर आता ताब्यात आहे, खातंय-पितंय, काही होणार नाही.”

हे मी नीट ऐकलं होतं. विसरलो नव्हतो. गैरसमजही झाला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही माझ्यासाठी एखादी पळवाट शोधाल.

दुपारपर्यंत चार डोस संपले. तेवढ्यात आप्पासाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. आप्पासाहेब म्हणजे नदीकाठचे मोठे बागायतदार, वरपर्यंत ओळखी. त्यांची दोन शिकारी कुत्री संध्याकाळी जीपनं येणार होती, दोन डोस राखून ठेवायचे होते. “तुमच्या बदलीचं साहेबांच्या ध्यानात हाय,” असंही तो जाता जाता बोलला. बस, एवढंच. धमकी नाही, जबरदस्ती नाही. एका वाक्यात मी विकला गेलो.

तासाभरानं मामा आले. सोबत शमीम, आणि इंजन शेपूट हलवत पुढं. मामांच्या मनात धाकधूक होती. म्हणाले, “ह्याला आधीच ही बिमारी. लस सोसंल का? शमीम म्हणती टोचा. मला काय सुधरत न्हाई. तुमचं कुत्रं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

बघा, त्या माणसानं काय विचारलं ते. नियम नाही विचारला. माझ्या काळजाला हात घातला.

मी म्हणालो, “माझं असतं तर मी टोचली नसती, मामा. साखरेचं जनावर दोन दिवसांत जाईल.”

शमीम म्हणाली, “पण डाक्टर तर म्हणले व्हते —”

“डॉक्टर इथं नाहीत. मी आहे,” मी म्हणालो. असा आवाज चढवून म्हणालो, की जणू तिनंच काही गुन्हा केला होता.

मामांनी इंजनच्या डोक्यावरून हात फिरवला. “बरं झालं तुम्ही सांगितलं,” म्हणाले, आणि गेले.

आणि ती जीप? आलीच नाही! संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. आप्पासाहेबांची कुत्री कुठं शिकारीला गेली होती म्हणे. बर्फ वितळत होता. मामांचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. मी संध्याकाळी जाऊन म्हणू शकलो असतो, की मामा, माझी चूक झाली, चला. उठलो नाही. कारण उठलो असतो तर त्या पोरीसमोर माझं खोटं उघडं पडलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही डोस मी माझ्या हातांनी मोरीत ओतले. औषध वाहून जाताना बघत उभा राहिलो. असला माणूस मी!

डॉक्टर आले, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, “मालक तयार नव्हता.” ते म्हणाले, “समजाव त्याला. पुढच्या वेळी टोचू.” मी हो म्हणालो.

पुढची वेळ आलीच नाही. दोन महिन्यांनी यार्डाकडून एक पिसाळलेलं कुत्रं मामांच्या अंगणात शिरलं. शमीम कपडे वाळत घालत होती. ते तिच्यावर धावलं आणि इंजन मधे पडला. तिला ओरखडासुद्धा आला नाही. इंजनचा कान फाटला, मान फाटली. मामांनी उघड्या हातांनी त्याच्या जखमा धुतल्या आणि त्याला उचलून दवाखान्यात आणलं.

त्या दिवशी डॉक्टर दौंडलाच होते. ते मामांवर कडाडले, “लस दिलेली असती तर परत एकदा टोचून बांधून ठेवला असता, वाट बघितली असती. आता मारण्याशिवाय इलाज नाही. तुम्हीच नको म्हणालात ना?”

मामांनी माझ्याकडं पाहिलं.

मी तिथंच उभा होतो, हातात कापसाचा डबा घेऊन. तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण मी डब्याचं झाकण लावत बसलो.

“व्हय सायेब,” मामा म्हणाले. “चुकलं माझं.”

का म्हणाले ते असं? का नाही त्यांनी माझी गचांडी धरली? आजही मला त्यांचा राग येतो — आणि मग मला कळतं, की जो राग माझ्यावर करायला हवा तो मी त्या भल्या माणसावर काढतोय. माझी नोकरी त्यांनी वाचवली. मी मागितलं नसताना वाचवली.

शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. इंजन हलला नाही. रोज सुई खायची सवय होती त्याला. मामांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्याशी हळूहळू बोलत होते. जखमा धुताना हातांना लाळ लागली होती, म्हणून पुढं मामांना पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. साखरेमुळं त्यातल्या दोन जागा चिघळल्या. सगळा पावसाळा ते वाकून चालत होते.

दीड वर्षानं माझी शिरूरला बदली झाली. नेहमीच्या यादीत नाव आलं. आप्पासाहेबांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

काही वर्षांनी मामा गेल्याचं कळलं, तेव्हा मी दौंडला गेलो. दारात पाहुणे बसले होते. शमीम बाहेर आली. तिनं मला ओळखलं. मला वाटलं, आता बोलेल. चारचौघांत बोलेल. मी तयार होतो असं म्हणत नाही, मी घाबरलो होतो. ती लोकांकडं वळून म्हणाली, “हे दवाखान्याचे. अब्बांच्या कुत्र्याला ह्यांनी लई जपलं. अब्बा कायम नाव काढायचे ह्यांचं.”

डॉक्टरांसमोर त्या दिवशी काय झालं, ते मामांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

लोकांनी सरकून मला जागा दिली. मी बसलो. कुणीतरी म्हणालं, “अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता.”

मी मान डोलावली.