बोहनी होईपर्यंत

"थांब. तिथंच थांब. बोहनी होऊ दे."

शेठनं हात आडवा केला. मी पायरीवर. माझ्या मागून आलेली रेखा, माझ्यासारखीच गणवेश दाखवणारी, त्याच हाताखालून आत गेली. तिच्या पायानं दिवस बिघडत नव्हता.

जूनमध्ये नांदेडच्या गणवेशाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पायरीवर भरपूर होती. शेजारी टाय-ब्लेझर घातलेला, मुंडकं नसलेला पुतळा. अशा उन्हात ब्लेझर. असो.

पहिलं गिऱ्हाईक आलं. पैसे दिले. शेठनं नोट डोळ्यांना लावली, देवाच्या फोटोपुढं ठेवली. मग मला बोटानं खुणावलं. "ये आता."

कामाला लावतानाच शेठ म्हणाले होते, "तू मुदखेडहून येणार. साडेदहाला ये, पळापळ करू नको." मी घरी कौतुकानं सांगितलं. आई म्हणाली, "माणूस भला दिसतोय." पायरीवर थांबवलं त्या दिवशी शेजारच्या काकांच्या मोटारसायकलवर लवकर पोचले, म्हणून भलेपणा कळला.

दुपारी विचारलं, "शेठ, मला बाहेर का उभं केलं?"

"त्याचं काय हाय पोरी, तुमच्या समाजाच्या हातानं बोहनी न्हाई करायची, ही वडलांच्या वेळची रीत. मी काही मानत न्हाई. पण धंदा हाय."

मानत नाहीत, हे खरंच असावं. जयंतीला दुकानावर शुभेच्छांचं बॅनर असतं. त्यावर हात जोडलेले शेठ महामानवापेक्षा मोठे दिसतात.

रेखा हळूच म्हणाली, "लई मनावर नको घेऊ. सगळीकडंच हाय." आणि बाकीच्यांबरोबर डबा खायला गेली. मी मोज्यांच्या खोक्यांत बसून खाल्लं. एम.ए.ला अस्पृश्यतेवर उत्तर लिहिलं होतं. चांगले मार्क पडले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. शटर नुकतंच वर गेलं होतं. उदबत्ती लागली होती. हात पुन्हा आडवा झाला.

"थांब."

मी तो हात बाजूला केला आणि आत गेले.

मागोमाग किनवटकडची एक बाई, पोरीला वसतिगृहात घालायला निघालेली. "ओ ताई, हिच्या मापाचा ड्रेस हाय का? जरा ढगळच द्या. पोरगी वाढून राहिली."

मी माप घेतलं. ड्रेस दिला. पैसे घेतले. नोट डोळ्यांना लावली नाही. सरळ गल्ल्यात टाकली.

"काय केलंस तू?" शेठ दबक्या आवाजात म्हणाले.

"बोहनी."

"उद्यापासून साडेदहालाच यायचं. न्हाई तर येऊच नको."

"मी शटर उघडतानाच येईन. काढायचं असेल तर आत्ता काढा. या बाईंसमोर, कारण सांगून."

शेठ बाईकडं बघून हसले. कारण सांगितलं नाही. रेखा घडी केलेल्या सदऱ्याची पुन्हा घडी करत राहिली. दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नाही.

न बोलू देत. सीझन संपला की शेठ मला काढतील, हे मला माहीत आहे. मग दुसऱ्या दुकानात काम मागीन. पगार नंतर विचारीन. आधी विचारीन, बोहनीला मी चालते का? मोठ्यानं विचारीन, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना.