आबांच्या टाकीतलं मीठ

भुसावळच्या उन्हाळ्यात माणसं सुकतात, तिथे समुद्राचे मासे पाळायचं खूळ आमच्या वडिलांना, आबांनाच सुचावं! निवृत्त होऊन दीपनगरच्या वीज केंद्राचं क्वार्टर सोडलं आणि नव्या घरात त्यांनी काचेची छोटी टाकी आणून दोन नारिंगी मासे सोडले. मे महिन्यात टाकीतलं पाणी भराभर आटायचं. आबा लगेच पाण्यात माशांसाठीचं मीठ कालवून भर घालायचे. समुद्राच्या माशाला साधं पाणी कसं चालेल, हा त्यांचा हट्ट. मासे मलूल झाले, धापा टाकू लागले. आबा औषधं शोधत बसले.

आई माहेरची अमळनेरची. चिडली की अहिराणीवर यायची. स्वयंपाकघरातूनच ओरडली, "पाणी आटनं, मीठ थोडंच आटनं? आटेल भाजीमा कोनी परत मीठ टाकस का?"

आबांनी टाकीतलं थोडं खारट पाणी उपसून टाकलं. तेव्हापासून ते फिल्टरचं साधं पाणी घालू लागले, रोज थोडं थोडं. मासे सावरले.

आता मासे नाहीत, आईही नाही. परवा आबा शेवभाजी करत होते. रस्सा आटला, तसं त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं आणि कोणी विचारलं नसताना मोठ्याने म्हणाले, "नुसतं पाणी टाकलं हं."