दोन पावलं लांब

हाडांच्या स्कॅनसाठी आलेल्या आजींना आज किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. ते अंगात भिनेपर्यंत पेशंट वेगळ्या खोलीत बसतात आणि आम्ही शिकाऊ मुली कामापुरत्याच जवळ जातो. पाण्याची बाटली ठेवून मी मागे सरले, तर आजींनी विचारलं, "का गं, माझा रोग लागतो का?"

"नाही हो आजी, औषधातल्या किरणांमुळे. आज तुमच्याजवळ कुणी फार वेळ बसायचं नाही."

"मग काय, रोजच्यासारखंच की!" म्हणत त्या हसल्या. मला हसता येईना.

माझी शाळा नववीतच सुटली होती. पुढे कामं करत बाहेरून परीक्षा दिल्या, कुणाकुणाच्या आधाराने घरापासून इतक्या लांब, स्कॅन तंत्रज्ञाच्या या पदवीपर्यंत पोचले. त्या माणसांचे उपकार आठवले की धास्तीच वाटते, हातून काही चुकलं तर? आई फोनवर विचारते, "पेशंटच्या पाठीवरून हात फिरवतेस ना?" मी "हो" म्हणते. माणसाच्या हाडांपर्यंत बघायला शिकतेय आणि त्याच्यापासून लांब राहायलाही, हे तिला कसं सांगू?

स्कॅनमध्ये आजींच्या मणक्यांवर काळे डाग दिसले, रोग पसरल्याची खूण. ते सांगणं डॉक्टरांचं काम. टेबलावरून उतरताना आजींचे पाय लटपटले, तेव्हा मात्र न राहवून मी हात पुढे केला.

आजींनी आपला हात पदराखाली घेतला. "तू लांबच राहा, बाई. तुला अजून लेकरंबाळं व्हायचीत."